पडत्या भावातून बाहेर पडताना

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअर बाजार तासाभरासाठी उघडतो. त्याला मुहूर्ताचे सौदे म्हणतात. आमच्या गावचा ब्रोकर त्या दिवशी टर्मिनलला झेंडूचा हार घालायचा, पेढे वाटायचा, आणि येणारा प्रत्येक जण शकुनाचे पाच-दहा शेअर घेऊन जायचा. विकायला म्हणून कुणी आल्याचं मला आठवत नाही. शेअर बाजारावरची जी मराठी पुस्तकं मी गेल्या पंचवीस वर्षांत वाचली, त्यांतही मला हेच दिसलं. काय घ्यावं, कधी घ्यावं यावर पानंच्या पानं असतात. सकाळी घेतलेला शेअर डोळ्यांदेखत पडू लागला तर कोणती ऑर्डर टाकून बाहेर पडायचं, यावर मात्र दोन-चार ओळी. हा लेख त्या दोन-चार ओळींबद्दल आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. एका छापखान्यात हिशेब लिहायचं काम केलं. जे शिकलो ते एक्स्चेंजची परिपत्रकं आणि सेबीचे अहवाल शब्दकोश शेजारी ठेवून वाचत शिकलो. पण या अभ्यासाला मला ज्या प्रश्नाने लावलं तो प्रश्न माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता.

एका दुपारची गोष्ट

जून २०११. पावसापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं म्हणून आम्ही सव्वा लाखाच्या आसपास रक्कम बँकेत बाजूला ठेवली होती. त्या पैशांना हात लावायचा माझा विचार नव्हता. ब्रोकरकडे माझं थोडं मार्जिन होतं. त्या बळावर सकाळी साडेदहाला एका मध्यम आकाराच्या कंपनीचे १५०० शेअर ८४ रुपयांनी घेतले, त्याच दिवशी विकायच्या हिशेबाने. स्टॉपलॉस लावायला विसरलो नव्हतो. ट्रिगर ८२ रुपये, लिमिट ८१ रुपये ९० पैसे. म्हणजे फार तर २ रुपये १० पैसे प्रति शेअर, एकूण ३,१५० रुपयांचा तोटा. तेवढा सोसायची तयारी होती. निर्धास्तपणे चहाला खाली उतरलो.

वर आलो तेव्हा पडद्यावर भाव होता ७४ रुपये ७० पैसे. आदल्या दिवशीच्या ८३ च्या बंद भावाखाली बरोबर दहा टक्के, म्हणजे लोअर सर्किट. खरेदीची बाजू कोरी होती. माझी ऑर्डर ‘प्रलंबित’ अशी दिसत होती. भाव ८२.१५ वरून एका उडीत ८१.४० ला आला होता. ८२ चा ट्रिगर लागला, माझी ऑर्डर जागी झाली, आणि ‘८१.९० किंवा त्याहून जास्त मिळाले तरच विका’ असं म्हणत उभी राहिली. तोवर तो भाव देणारा माणूस निघून गेला होता.

त्या दिवशी शेअर विकले गेले नाहीत, त्यामुळे सौदा डिलिव्हरीत गेला आणि ब्रोकरने पूर्ण १,२६,००० रुपये मागितले. गच्चीचे पैसे भरले. दुसऱ्या दिवशी भाव आणखी खाली उघडला आणि मी ६८ ला विकून मोकळा झालो. ३,१५० चा तोटा २४,००० वर गेला. घरी सांगितलं तेव्हा बायको रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “अहो, पण तुम्ही ऑर्डर लावली होती ना? मग विकले कसे नाही गेले?”

मला उत्तर देता आलं नाही. ऑर्डर लावली की विक्री होतेच, असंच मीही समजत होतो.

ऑर्डर म्हणजे काय

मुंबईचा शेअर बाजार १८७५ साली संस्था म्हणून उभा राहिला. त्याआधी टाउन हॉलजवळच्या वडाखाली दलाल जमत. पुढे दलाल स्ट्रीटवर रिंग आली. रिंगणात उभं राहून ओरडून भाव सांगायचा आणि समोरच्याने हात दाखवला की सौदा व्हायचा. तिथे विकणाऱ्याला घेणारा दिसत असे. घेणारे पाठ फिरवू लागले तर तेही दिसत असे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचे शेअर व्यवहार सुरू केले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही संगणकावर येऊ लागला. गोंगाट थांबला, भावातली लबाडी कमी झाली, गावोगावी टर्मिनल पोचलं. पण समोरचा माणूस दिसेनासा झाला. त्याच्या जागी आले आकडे: घेणाऱ्यांच्या पाच ओळी आणि विकणाऱ्यांच्या पाच ओळी.

या ओळींचा नियम साधा आहे. आधी भाव, मग वेळ. घेणाऱ्यांत जो जास्त भाव देतो तो पुढे; भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. रेशनच्या दुकानातल्या रांगेसारखंच, फक्त जास्त पैसे देणाऱ्याला इथे अधिकृतपणे पुढे घुसता येतं. आपण विकतो तेव्हा शेअर ‘बाजाराला’ विकत नसतो. रांगेतल्या पहिल्या माणसाला, त्याची भूक भागली की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला विकत असतो.

समजण्यासाठी एक कल्पित रांग घेऊ. १५० रुपयांना २०० शेअर घेणारे आहेत, १४९.९५ ला ३५०, १४९.८० ला ५००, १४९.५० ला ४०० आणि १४९ ला १०००. मला १५०० शेअर ताबडतोब विकायचे आहेत. पहिल्या चार ओळींत १४५० जातील, उरलेले ५० पाचव्या ओळीत. हातात येतील २,२४,६३२ रुपये ५० पैसे, म्हणजे सरासरी १४९.७५ च्या थोडे वर. पडद्यावर १५० दिसत होते, पण दीड हजार शेअरांना १५० कुणी देतच नव्हतं. हे झालं शांत बाजारात. भाव पडू लागला की रांगेतले लोक आपापल्या ऑर्डरी मागे घेतात आणि ओळींमधली अंतरं वाढतात. १५० च्या खालची ओळ १४९.९५ ऐवजी १४७ ची असू शकते.

हे कळल्यावर बायकोच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. पडत्या शेअरमधून बाहेर पडताना आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात, ठरावीक भाव आणि नक्की सुटका. कोणतीही ऑर्डर यांतली एकच गोष्ट देऊ शकते. दुसरी मिळाली तर नशीब. मी ऑर्डर लावली होती ती भावाची, आणि समजत होतो की सुटकेची लावली आहे.

प्रत्येक ऑर्डर काय देते

मार्केट ऑर्डर सुटका देते, भाव देत नाही. ‘जो असेल त्याला, मिळेल त्या भावाला विका’ असा तिचा अर्थ. दिवसाला लाखो शेअरांची उलाढाल असलेल्या मोठ्या कंपनीत ओळी दाट असतात, तिथे मार्केट ऑर्डर हाच सर्वांत जलद आणि बहुधा स्वस्त मार्ग. विरळ ओळींच्या शेअरमध्ये तीच ऑर्डर जिन्यावरून गडगडत जावं तशी खालच्या भावांपर्यंत पोचते. काही ब्रोकर आता मार्केट ऑर्डरलाही ठरावीक टक्क्यांची संरक्षक मर्यादा लावतात. तसं असेल तर ती मर्यादा ओलांडून भाव गेल्यावर ऑर्डर पडून राहू शकते. आपल्या ब्रोकरकडे काय पद्धत आहे ते शांत दिवशी विचारून ठेवावं.

लिमिट ऑर्डर भाव देते, सुटका देत नाही. पडत्या शेअरमध्ये लोक हमखास एक चूक करतात. भाव १४८ असतो, आणि ‘थोडा वर आला की विकू’ म्हणून १४९ ची लिमिट लावतात. भाव १४७ झाला की ऑर्डर बदलून १४८ करतात, १४६ झाला की १४७. प्रत्येक वेळी भाव बदलला की रांगेत शेवटी जावं लागतं. अशा रीतीने माणूस भावाच्या मागे एकेक पायरी उतरत जातो आणि विक्री मात्र होत नाही.

या दोहोंमधला एक मार्ग आहे, आणि माझ्या मते तो प्रत्येक डे ट्रेडरच्या हाताला सवयीचा असायला हवा. विक्रीची लिमिट चालू भावाच्या मुद्दाम खाली लावायची. पहिला घेणारा १४८ ला उभा असताना मी १४६ ची लिमिट लावली, तर माझे शेअर १४६ ला जात नाहीत. नियमाप्रमाणे ते आधी १४८ वाल्याला १४८ नेच जातात, मग १४७.९० वाल्याला, असे खाली खाली. फक्त १४६ च्या खाली जात नाहीत. म्हणजे सुटका जवळजवळ मार्केट ऑर्डरइतकी जलद, पण खाली जाळी बांधलेली. ‘कमी भाव लिहिला तर कमीच पैसे मिळतील’ या गैरसमजापायी कितीतरी लोक ही ऑर्डर वापरत नाहीत. मीही वापरत नव्हतो.

यालाच जोडून एक शर्त लावता येते: ‘ताबडतोब, नाहीतर रद्द’. टर्मिनलवर ती आयओसी या तीन अक्षरांनी दिसते. जेवढे शेअर त्या क्षणी विकले जातील तेवढे जातात, उरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. उरलेल्या शेअरांसाठी पुन्हा खालचा भाव लावायचा. अर्धवट प्रलंबित ऑर्डर रांगेत विसरली जाण्याचा धोका यात नाही.

स्टॉपलॉसमधली फट

आता स्टॉपलॉस. ही ऑर्डर दोन टप्प्यांची आहे. ट्रिगरपर्यंत ती वेगळ्या वहीत झोपलेली असते. बाजारातला शेवटचा सौदा ट्रिगरच्या भावाला किंवा त्याखाली झाला की ती जागी होते आणि मुख्य रांगेत येते. जागी झाल्यावर ती मार्केट ऑर्डर होणार की लिमिट ऑर्डर, ते आपण आधी ठरवलेलं असतं. पहिल्या प्रकाराला एसएल-एम म्हणतात, दुसऱ्याला नुसतं एसएल.

इथे मी केलेली चूक उलगडते. एसएलमध्ये ट्रिगर आणि लिमिट यांत मी दहा पैशांची फट ठेवली होती. भाव सावकाश उतरला असता तर ती पुरली असती. पण ज्या दिवशी स्टॉपलॉसची खरोखर गरज पडते, त्या दिवशी भाव सावकाश उतरत नाही. ट्रिगर ८२ आणि लिमिट ८० अशी दोन रुपयांची फट ठेवली असती, तर ऑर्डर जागी झाल्यावर ८१.४० ला उभे असलेले खरेदीदार तिला मिळाले असते. थोडं आणखी घसरून, ८१ च्या आसपास मी सुटलो असतो. तोटा ३,१५० ऐवजी साडेचार हजार झाला असता. गच्ची वेळेवर झाली असती.

मग फट किती ठेवायची? छापील उत्तर नाही. मी स्वतःपुरता एक ठोकताळा बसवला. गेल्या तासाभरात त्या शेअरमध्ये एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढी घसरण झाली असेल, तिच्या दुप्पट फट. शेअर विरळ असेल तर त्याहून जास्त. आणखी एक बारकावा असा, की ट्रिगर शेवटच्या झालेल्या सौद्यावर लागतो, घेणाऱ्यांच्या भावावर नाही. विरळ शेअरमध्ये घेणारे दोन रुपये खाली सरकलेले असतात, पण मधल्या वेळात सौदाच झालेला नसतो. पडद्यावर जुनाच भाव दिसत राहतो आणि आपला स्टॉपलॉस झोपलेलाच असतो.

तर मग सरळ एसएल-एम का लावू नये? कारण त्यातही एक सापळा आहे. ६ मे २०१० रोजी दुपारी अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत कोसळला आणि सावरला. त्या मिनिटांत ॲक्सेंचरसारख्या मोठ्या कंपनीच्या शेअरचे काही सौदे एका सेंटला झाले. घेणारे निघून गेल्यामुळे आलेल्या मार्केट ऑर्डरी नावापुरत्या लावलेल्या भावांवर जाऊन आदळल्या. ठरावीक मर्यादेपलीकडचे सौदे नंतर रद्द करण्यात आले. त्याआतल्या भावाला विकले गेलेल्यांना मात्र दाद मिळाली नाही. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सकाळी एका दलाली संस्थेकडून साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी क्षणार्धात पंधरा टक्क्यांहून अधिक खाली गेला. व्यवहार सुमारे पंधरा मिनिटं थांबले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर भाव पूर्ववत झाले. कंपन्यांमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. पण ज्यांचे स्टॉपलॉस त्या फटक्यात मार्केट ऑर्डर होऊन जागे झाले, त्यांच्या दृष्टीने घसरण खरीच होती.

अशा भलत्या भावांच्या सौद्यांमुळे राष्ट्रीय शेअर बाजाराने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शन्समधला एसएल-एम बंद केला. मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर २०२३ पासून शेअरांच्या व्यवहारांतही तो थांबवला. म्हणजे आता अनेक ठिकाणी एसएल हाच पर्याय उरतो, आणि फट किती ठेवायची हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच सोडवावा लागतो.

घाईतल्या चुका

पडत्या बाजारात वेळ जातो तो बहुतेकदा विचारात नाही, हाताच्या गोंधळात जातो. सर्वांत महाग पडणारी चूक अशी: स्टॉपलॉस आधीच लावलेला असतो. भाव पडताना दिसतो, माणूस घाबरून वेगळी विक्रीची ऑर्डर टाकतो आणि विकून मोकळा होतो. जुना स्टॉपलॉस मात्र तसाच राहतो. पाच मिनिटांनी तो जागा होतो आणि हातात नसलेले शेअर विकतो. मंदीचा सौदा करायचा मनात नसताना माणूस मंदीवाला होऊन बसतो, आणि भाव उलटला की दुसऱ्यांदा मार खातो. यावर उपाय म्हणजे नवी ऑर्डर न टाकता जुन्या स्टॉपलॉसलाच बदलायचं. ट्रिगरची अट काढून तीच ऑर्डर चालू भावाखालच्या लिमिटची किंवा मार्केटची करायची. रद्द करा, मग नवी टाका, या दोन पायऱ्यांऐवजी एकच पायरी, आणि दुहेरी विक्रीची भीती नाही.

दुसरी चूक सगळे शेअर एकाच भावाला जावेत या हट्टाची. शेअर जास्त असतील तर अर्धे ताबडतोब काढावेत, बाकीच्यांचा विचार त्यानंतर. अर्धं ओझं उतरलं की डोकं शांत होतं, हा माझा अनुभव आहे.

तिसरी चूक घड्याळाची. बाजार साडेतीनला बंद होतो, पण दिवसाचे सौदे ब्रोकर त्याआधीच स्वतःहून उरकू लागतात. प्रत्येकाची वेळ वेगळी. सकाळपासून पडलेल्या शेअरमध्ये ‘शेवटी तरी उसळेल’ म्हणून थांबलेले पुष्कळ असतात. त्या वेळी अशा सगळ्यांचे शेअर एकदम विक्रीला येतात. आपण त्या गर्दीच्या आधी बाहेर असावं.

जेव्हा कोणतीच ऑर्डर चालत नाही

हे सगळं शिकल्यावर मला वाटलं, आता उत्तर पूर्ण झालं. मग मी इतिहासातले वाईट दिवस चाळायला घेतले.

७ जानेवारी २००९. बाजार चालू असताना सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांचं, हिशेब खोटे असल्याची कबुली देणारं पत्र जाहीर झालं. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर संध्याकाळी ४० च्या जवळ बंद झाला. ६ मार्च २०२०. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले होते. ३६ रुपये ८० पैशांवर बंद झालेला शेअर दिवसात ५ रुपये ५५ पैशांपर्यंत गेला आणि १६ रुपये २० पैशांना बंद झाला. त्याच महिन्यात २३ तारखेला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात निर्देशांक दहा टक्के घसरले. सगळे व्यवहार पंचेचाळीस मिनिटं थांबवण्यात आले. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण चालूच राहिली आणि सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांनी खाली बंद झाला. थांबलेल्या बाजारात कोणतीच ऑर्डर चालत नाही.

बहुतेक शेअरांना दिवसाची हद्द असते: २, ५, १० किंवा २० टक्के. भाव खालच्या हद्दीला टेकला की त्याखाली सौदा होऊ शकत नाही, आणि त्या भावाला घेणारा नसतो. विकणाऱ्यांची लांब रांग लागते. माझा शेअर असाच अडकला होता. ज्या शेअरांचे फ्युचर्स आणि ऑप्शन्स चालतात त्यांना अशी पक्की हद्द नसते. तिथे घेणारा सापडतो, पण भाव कुठवर जाईल याला तळ नसतो. एकीकडे दार बंद, दुसरीकडे दार उघडं पण खाली जिना नाही.

म्हणजे ऑर्डरचं सगळं कसब घेणारा समोर असेल तोवरच. तो नसेल त्या दिवशी तोटा किती होणार, हे फक्त एकच गोष्ट ठरवते: आपण किती शेअर घेतले होते. आणि ती खरेदीच्या क्षणी ठरलेली असते. बायकोच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे होतं. मी बाहेर पडायची ऑर्डर साडेदहालाच चुकवली होती, १५०० हा आकडा लिहिताना.

तेव्हापासून माझा हिशेब उलटा चालतो. एका सौद्यात किती रुपये गेले तर चालतील, ते आधी. समजा १,००० रुपये. शेअर १५० चा, ट्रिगर १४७ ला लावणार, म्हणजे तीन रुपयांचं अंतर. घाईत एखादा रुपया घसरेल असं धरून चार. हजार भागिले चार, म्हणजे २५० शेअर. मग घेणाऱ्यांच्या पाच ओळी पाहायच्या. त्यांत २५० शेअर सहज मावतात का? मावत नसतील तर आकडा आणखी खाली आणायचा, किंवा तो शेअर सोडून द्यायचा. शेवटी स्वतःला विचारायचं: आज लोअर सर्किट लागलं आणि हे सगळे शेअर पूर्ण पैसे भरून घरी न्यावे लागले, तर भरायला पैसे आहेत का? ते पैसे कुणाचे आहेत?

हात का अडतो

एवढं ठरवूनही माणूस विकत नाही. ट्रिगरजवळ भाव आला की ट्रिगरच खाली सरकवतो. मीही सरकवला आहे. हा दोष एकट्याचा नाही, हे मला फार उशिरा कळलं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं, आणि तोट्यात असताना तो एरवी घेणार नाही असे धोके पत्करतो. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये हेच शेअर बाजाराला लावून पाहिलं: नफ्यातला शेअर लोक लवकर विकतात, तोट्यातला धरून ठेवतात. टेरन्स ओडियन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली, त्यांतही तेच दिसलं. विकेपर्यंत तोटा कागदावर असतो. विकला की तो आपला होतो. ते आपलं म्हणायला हात धजत नाही.

म्हणून स्टॉपलॉस एक्स्चेंजच्या वहीत खरोखर लावलेला असावा, मनात ठरवलेला नसावा. खरेदी झाल्याबरोबर, दुसरं काहीही करण्यापूर्वी तो लावावा. आणि त्याचा ट्रिगर एकाच दिशेने सरकवायचा, वर. याचीही किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी वेळा माझा स्टॉपलॉस लागला, मी बाहेर पडलो, आणि अर्ध्या तासात भाव पुन्हा वर गेला. चडफडायला होतं. विम्याचा हप्ता भरला आणि घर जळलं नाही म्हणून चडफडण्यासारखंच ते आहे, हे समजायला वेळ लागतो.

हे लिहावंसं वाटलं त्याचं एक कारण सेबीचा जुलै २०२४ चा अहवाल आहे. २०२२-२३ या वर्षात शेअरांत एका दिवसाचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ७१ टक्के तोट्यात होत्या. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. तोटा झालेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के इतकी आणखी रक्कम व्यवहाराच्या खर्चापोटी भरली. आणि हे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. चांगली ऑर्डर लावता आली म्हणून कुणी नफ्यात येणार नाही. ती फक्त तोट्याला ठरवलेल्या जागी थांबवते, तेही बहुतेक वेळा.

आमच्या गावातलं ब्रोकरचं ऑफिस आता बंद झालंय. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि त्याच्या पायरीवर बसून पोरं फोनवर शेअर घेतात-विकतात. त्यांतला एक जण मध्ये मला म्हणाला, “काका, मी स्टॉपलॉस लावतो, मला काळजी नाही.” मी त्याला ट्रिगर आणि लिमिट दाखवायला सांगितलं. दोहोंत पाच पैशांची फट होती. मग आम्ही तिथेच बसलो, आणि मी त्याला पाच ओळींची रांग समजावून सांगितली. रांगेत त्याच्या शेअरला घेणारे किती आहेत ते त्याने पहिल्यांदाच मोजून पाहिलं. त्याच्याकडच्या शेअरांच्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकेही नव्हते. त्याने काही न बोलता अर्धे शेअर विकले.

आमची गच्ची पुढच्या वर्षी झाली. त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळायचं, तिथे बादल्या ठेवलेल्या असायच्या. त्यांतल्या एका बादलीजवळ बसून मी पहिल्यांदा एक्स्चेंजचं परिपत्रक वाचायला घेतलं होतं.